ठमाबाईचं दार आणि माझं नेतृत्व

९ मार्च, रविवार. दुपारी दीड.

आज मला चर्चचा वडील नेमण्यात आलं. सर्वानुमते. म्हणजे हात सातच वर झाले, बाकीची मंडळी जेवायला निघाली होती, पण जाता जाता कुणी विरोध केला नाही. वडील म्हणजे मंडळीतला जबाबदार माणूस. वयानं मी होतोच, आता पदानं झालो.

आमचे पास्टर कुलदीप महिन्यातून एखाद-दुसऱ्या रविवारी चंद्रपूरहून मोटारसायकलवर येतात. वय एकतीस. बोलतात बरं, पण अनुभव नाही. आज त्यांनी सांगितलं की शास्त्रात पुढाऱ्याची परीक्षा एकच असते. त्याच्या हाताखालचा सगळ्यात दुबळा माणूस कसा राहून राह्यला, ते बघायचं. विधवा, अनाथ, परका. मग म्हणाले, आपल्यात ठमाबाई आहे.

आहे खरी. एकटी विधवा, साठी उलटलेली. गावातलं शेवटचं घर तिचं. पुढे नाला, नाल्यापलीकडे मोहर्लीचं जंगल. घराला दार नाही. बांबूची ताटी होती, ती वाळवीनं खाल्ली. महिन्याभरात तीनदा नाल्यावर बिबट दिसला. बाई दिवस मावळला की दोन शेळ्या घरात घेते, दारात आडवी खाट टाकते आणि खाटेवर काठी घेऊन स्वतः झोपते. म्हणजे सध्या त्या घराचं दार ठमाबाईच आहे.

ठराव झाला की चर्चमागे पडलेले दोन जुने सागवानी बाक मोडून तिला दार करून द्यायचं. जबाबदारी माझी. मुदत आठ दिवस.

दुसरा ठराव. १७ एप्रिलला पवित्र गुरुवार, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ती संध्याकाळ. त्या दिवशी चर्चमध्ये मेळावा. विषय, नेतृत्व आणि दुर्बलांची जबाबदारी. नागपूरहून पाहुणे येणार. भाषण माझं, वीस मिनिटं.

दोन्हीला हो म्हटलं. नहेम्यानं अख्ख्या यरुशलेमेचा कोट बावन्न दिवसांत उभा केला, इथं एक दार. आणि मी काही नवखा नाही. एकतीस वर्षं राजुरा डेपोत एसटीचा कंट्रोलर होतो. माझ्या परवानगीशिवाय एक गाडी सुटली नाही. ज्या सुटल्या त्या मला न विचारता सुटल्या.

१० मार्च, सोमवार. सकाळी.

आजपासून रोज पहाटे पाचला उठणे, प्रार्थना, मग ठमाबाईची विचारपूस, मग भाषणाची तयारी. साखर बंद. आवाज खालच्या पट्टीत. पुढारी माणसानं कमी बोलावं.

सात वीसला उठलो. मोबाईलचा अलार्म वाजला नाही. माझी बायको सुगंधा म्हणे, वाजला, तुमीच बंद केला अन् वरून मलेच झापलं का गाडी काऊन सोडली. झोपेतसुद्धा माणूस ड्युटीवर आहे, यातच सगळं आलं.

भाषणाचं पहिलं वाक्य लिहिलं. माझ्या प्रिय बंधुभगिनींनो.

१२ मार्च, बुधवार.

शास्त्रात काय काय आहे बाप्पा. मोशे दिवसभर एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसायचा. सासऱ्यानं पाहिलं आणि सांगितलं, जावईबापू, असं तुम्हीही झिजाल आणि लोकही. माणसं निवडा, कामं वाटून द्या.

मीही वाटून दिली. दार बनवायचं काम सोमाजी वाढईला. बाक मोडून लाकूड त्याच्या घरी पोचवायचं काम वारलूला, म्हणजे जो चर्चची घंटा वाजवतो आणि झाडलोट करतो. ठमाबाईला धीर द्यायचं काम सुगंधाला. हे सगळं झाल्यावर माझ्याकडे फक्त नेतृत्व उरलं. मोकळं वाटलं. दुपारी चांगली झोप लागली.

माझे सासरे हयात असते तर तेही हेच म्हणाले असते. ते मला काही काम सांगतच नसत.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड.

सोमाजी आज सापडणार नाही. उद्याही सापडणार नाही. परवा सापडला तरी रंधा धरता येणार नाही. हे माझ्या हातातलं नाही.

१७ मार्च, सोमवार.

आठ दिवस झाले. लाकूड पोचलं. सोमाजी मोहर्लीच्या रिसॉर्टवर पलंग करायला गेला. तिकडचे लोक रोख देतात आणि चहा दोनदा देतात. मी त्याला फोनवर शास्त्रातला दाखला दिला. तो म्हणे, गुणवंतभाऊ, आवाज कटून राह्यला.

सुगंधा तिला धीर देऊन आल्यापासून विचारते, ठमाबाईच्या दाराचं काय झालं जी. मी शांतपणे सांगितलं की नहेम्याला बावन्न दिवस लागले होते. माझे आठच झाले आहेत. अजून चव्वेचाळीस आहेत.

ती म्हणे, नहेम्याच्या घरी बिबट येत होता का.

स्त्रियांना संदर्भ कळत नाहीत.

२२ मार्च, शनिवार.

हरवलेल्या मेंढराचा दाखला वाचला. शंभर मेंढरं, एक हरवलं, मेंढपाळ नव्याण्णव तिथंच सोडून त्या एकाच्या मागे गेला. सुंदर. डोळे भरून आले. पण कंट्रोलर म्हणून एक प्रश्न पडतोच. मागं नव्याण्णवांपाशी कोण होतं. त्यांची ड्युटी कुणाच्या नावावर. शास्त्रात लिहिलेलं नाही.

म्हणून मी ठरवलं की तो मी. ठमाबाई एक आहे. बाकी मंडळी अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळिसांपाशी कुणीतरी थांबलंच पाहिजे. या मुद्द्यावर भाषणात दोन पानं. एकूण अकरा.

ठमाबाईकडे जायला निघालो होतो. आंब्यापर्यंत गेलो. ऊन भल्लं लागलं. परत आलो.

२८ मार्च, शुक्रवार. सकाळी साडेदहा.

दार तयार. काय दार आहे. जुनं सागवान, पॉलिश मारल्यावर तोंड दिसतं. वर सोमाजीनं न सांगता एक क्रूस कोरला. मी हात फिरवला आणि खरं सांगतो, मला माझाच अभिमान वाटला.

सोमाजी दार हातगाडीवर टाकून बिजागऱ्या, हातोडी घेऊन ठमाबाईकडे निघाला होता. मी त्याला चौकात अडवलं. नशीब, वेळेवर दिसला.

कारण विचार करा. (मीच करतो, दुसरं कोण वाचून राह्यलं.) गावात हातपंप बसला, त्याचं लोकार्पण झालं. स्मशानातल्या शेडचं लोकार्पण झालं. बसथांब्याचं तर दोनदा झालं, दोन पक्षांचं. आणि मंडळीनं दिलेलं पहिलं दार असं बिनाफीत, बिननारळ, शुक्रवारी साडेदहाला लागणार. कुणाला कळणार तरी. १७ तारखेला नागपूरचे पाहुणे येतच आहेत. त्यांच्या हस्ते लोकार्पण, फोटो, मग लावायचं. मधे राहिले फक्त वीस दिवस.

सोमाजी म्हणे, भाऊ, लावाले पाऊण तास लागते, आत्ता लावून देतो, त्या दिवशी फीत बांधून कापा. मी म्हटलं, लागलेल्या दाराचं लोकार्पण करतात का कुठी. त्यानं हातगाडी वळवली. कारागीर माणसाला समारंभातलं कळत नाही.

दार चर्चमध्ये आणलं. आणि आणल्याबरोबर सुचलं. आपलं पुलपिट, म्हणजे ज्याच्यामागे उभं राहून बोलायचं ते, लोखंडी टेबल आहे, डुगडुगतं. टेबलापुढे दार उभं केलं. झालं पुलपिट. मागे उभा राहिलो, मोबाईलवर फोटो काढला. अगदी नागपूरचा वाटलो.

३० मार्च, रविवार.

उपासनेनंतर ठमाबाई पुढे आली. दाराला हात लावला. वरून खाली, खालून वर. क्रुसावर बोट फिरवलं. मग मला म्हणे, भाऊ, नेऊ का.

मी तिला लोकार्पण समजावून सांगितलं. पाहुणे, फीत, मान तिचाच कसा आहे, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि बरं म्हणून गेली. दुसऱ्यांदा मागणाऱ्यातली ती नाही. दुर्बलांमधला हा समजूतदारपणा भाषणात घ्यायला हवा. पानं सतरा.

पास्टर आज आले नव्हते. ते असते तर त्यांनी घाई केली असती.

५ एप्रिल, शनिवार.

त्रेचाळीस डिग्री. कूलर बिघडला. नेतृत्व कठीण आहे.

६ एप्रिल, रविवार. संध्याकाळी.

आज थोडं मन खट्टू झालं.

ठमाबाईच्या अंगणात पंजांचे ठसे सापडले. उंबऱ्यापासून चार हातांवर. वनरक्षक रोशनी मॅडम आल्या. पोरगी पंचविशीची, पण बोलणं सरळ. ठसे मोजले, फोटो काढले आणि मंडळीतला जबाबदार कोण म्हणून विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर छान वाटलं.

मॅडम म्हणाल्या, दार तयार आहे म्हणतात, मग आजच लावा. मी सांगितलं, कार्यक्रम ठरलेला आहे, पत्रिकेत दार छापलं आहे. त्यांनी मोजायची पट्टी खिशात ठेवली. मग म्हणाल्या, बिबट पत्रिका वाचत नाही काका. त्याची वेळ दिवस मावळतानाची आहे. निदान तेव्हा शेळ्यांपाशी कुणीतरी बसलं पाहिजे, बाई घरातून हलली नाही पाहिजे.

मी म्हटलं, हो. काका म्हणायची गरज नव्हती.

सुगंधानं ताट वाढलं. जेवताना एवढंच म्हणाली, दार काढून आणा जी तिथून. मी म्हटलं, अकरा दिवस राहिले. ती म्हणे, तुमी जाऊन झोपा मंग अकरा दिवस तिच्या खाटेवर. गुडघा दुखत असल्यामुळे ते शक्य नाही, हे मी समजावलं.

१० एप्रिल, गुरुवार.

भाषण सव्वीस पानं. सुगंधाला वाचून दाखवलं. नवव्या पानाला तिनं तांदूळ निवडायला घेतले, चौदाव्याला ते संपले, मग ती नुसतीच बसली. तिला आवडलं असावं.

यहेज्केल संदेष्ट्याचा भाग गाळला. त्यात देव मेंढपाळांना सुनावतो की तुम्ही कळपाला चारायचं सोडून स्वतःच चरता, दुबळ्यांना बळ दिलं नाही, जखमींना बांधलं नाही. फार कडक आहे. पाहुण्यांना लागेल. आपल्या मंडळीला तर तो लागूच होत नाही.

१३ एप्रिल, रविवार. झावळ्यांचा रविवार.

पास्टर आले. पुलपिट बघून एकदम थांबले. हे ठमाबाईचं दार ना, म्हणाले. मी सांगितलं, तात्पुरतं. ते म्हणाले, गुणवंतराव, आज लावून टाकू, मी हात लावतो. मी त्यांना बाजूला नेऊन पत्रिका दाखवली, पाहुण्यांचा होकार दाखवला, फ्लेक्स दाखवला. फ्लेक्सवर दाराचा फोटो आहे, दारामागे मी. ते खूप वेळ फ्लेक्सकडे बघत राहिले. प्रभावित झाले असणार. मग त्यांना चंद्रपूरला दुसऱ्या मंडळीत पोचायचं होतं.

जाताना म्हणाले, चार दिवस तिला सांभाळा. मी म्हटलं, माझ्यावर सोडा.

१५ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी.

एक जबरदस्त कल्पना. मेळाव्यात मी ठमाबाईचे पाय धुणार. सर्वांसमक्ष. नुसतं बोलून काय होतं, करून दाखवलं पाहिजे. प्रभूनंही करूनच दाखवलं.

तालीम सुगंधाच्या पायांवर केली. आधी ती नाहीच म्हणाली. मग म्हणाली, बरं धुवा, कोमट घ्या पाणी. तसराळ्यात पाय ठेवले, मी खाली बसलो. टाचा फुटलेल्या आहेत तिच्या, चांगल्याच. छत्तीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. विचारलं, दुखत नाही का. वर पाहिलं तर ती खुर्चीतच झोपली होती. वीस मिनिटं पाय धरून बसलो. सोडला असता तर जागी झाली असती.

उठताना गुडघा अडकला. कपाटाला धरून उठलो. स्टेजवर कपाट नसेल. बघू.

१६ एप्रिल, बुधवार.

ठमाबाई यायला तयार नाही. म्हणे, भाऊ, मेळावा साडेपाचले हाये, दिवस मावळाच्या टायमाले मी घर सोडून येऊ कशी. शेळ्याईले कोन पायन. एक गाभण हाये.

वा. म्हणजे दुर्बलांच्या मेळाव्याला दुर्बलच नाही. मी गडबडलो नाही. डेपोत ड्रायव्हर नाही आला तर दुसरा ड्रायव्हर. मी सांगितलं, वारलू तुझ्या दारात बसेल, काठी घेऊन, तू परत येईपर्यंत हलणार नाही. माझा शब्द.

ती म्हणे, तुमचा शब्द हाये तं येतो मी.

वारलूला ड्युटी समजावली. तो म्हणे, हलणार नाई. अशी माणसं पाहिजेत.

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार. पहाटे पाच.

उठलो. खरंच पाचला. हा शुभशकुन.

१७ एप्रिल. संध्याकाळी सात चाळीस. चर्चच्या मागच्या खोलीतून.

अभूतपूर्व. शब्द नाहीत, तरी लिहून ठेवतो, बाहेर चहा चालू आहे तोवर.

सुरुवातीला गडबड झाली. पाहुण्यांची गाडी सहाला आली आणि हॉलमध्ये बावीस माणसं. खुर्च्या साठ मांडलेल्या. पहिली रांग तर पूर्ण रिकामी, फोटोत सरळ दिसणारी. मी घरोघर माणसं पाठवून लोक आणले. दुकान बंद करवलं, दुकानदार आणला. सोमाजी आला. सव्वासहाला सगळ्या भरल्या, एक सोडून. पुलपिटासमोरची. बरोबर कॅमेऱ्याच्या मधोमध. मी वारलूला फोन करून बोलावलं. पाच मिनिटांचा प्रश्न होता. तो म्हणे, भाऊ, शेळ्या. मी म्हटलं, इथं पाहुणे बसले आहेत, ये लवकर. आला बिचारा, धावत. घामाघूम होता पण खुर्ची भरली.

पाच मिनिटांचं पुढे लांबलं, कारण भाषण रंगलं. सव्वीसपैकी एकोणीस पानं झाली. पाहुणे डोळे मिटून ऐकत होते.

मग पाय धुणं. ठमाबाई स्टेजवर खुर्चीत बसली, पदर डोक्यावर, पाय मागे ओढून. मी खाली बसलो, पाय पाण्यात घेतले. पाणी लगेच लाल झालं, तिच्या अंगणातली माती. सुगंधा तिसऱ्या रांगेत डोळे पुसत होती. मी टॉवेलनं पाय पुसले, एक एक बोट. ठमाबाई हळूच म्हणाली, बस झालं भाऊ. मी म्हटलं, बसून राहा, फोटो व्हायचा आहे.

उठायला गेलो आणि गुडघा अडकला. उजवा. पूर्ण. हसलो, जणू प्रार्थनेतच आहे. एक मिनिट गेलं, दोन गेली. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. मग ठमाबाई ओल्या पायांनी उठली, माझ्या दोन्ही काखांत हात घातले आणि पोतं उचलावं तसं मला उभं केलं. टाळ्या पडल्या. मला वाटतं लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. छान परिणाम झाला.

नंतर फीत. पाहुण्यांनी कापली. दाराचं लोकार्पण झालं. दार अजून इथंच आहे, उद्या सोमाजी लावेल.

ठमाबाई चहासाठी थांबली नाही. फीत कापली आणि ती निघालीच, जवळजवळ पळत. वारलू तिच्या मागे. अशा लोकांना सन्मानाची सवय नसते.

पुढच्या वर्षी तालुका पातळीवर घ्यावा. चंद्रपूरला मोठा हॉल आहे. मी—

बाहेर कुणीतरी हाका मारून राह्यलं.

१८ एप्रिल, शुक्रवार. उत्तम शुक्रवार.

गाभण शेळी गेली.

सव्वासहा ते साडेसातच्या मधे केव्हातरी. घरात घुसून नेली. नाल्यापर्यंत ओढल्याची खूण आहे. दुसरी चुलीमागे सापडली, थरथरत, पण धड.

सकाळी आठला रोशनी मॅडम पंचनाम्याला आल्या. भरपाईच्या फाईलला पंचनामा लागतो. अंगणात खाट टाकली. मॅडम तापातून उठून आल्या होत्या, हाताला सलाईनच्या सुईची सूज होती, म्हणून म्हणाल्या, कुणाचं अक्षर चांगलं आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मला तसं काही वाटलं नाही. कागद घेतला.

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. जनावराचा प्रकार, वय, रंग. घटनेच्या वेळी मालकीण कुठे होती. मी लिहिलं, धार्मिक कार्यक्रमास उपस्थित होती. मॅडम वाकून वाचत होत्या. म्हणाल्या, काय करत होती ते सरळ लिहा, वर विचारतात. मी लिहिलं, चर्चमध्ये पाय धुवून घेत होती.

पुढे. घराला दार होते काय.

माझा पेन थांबला. ठमाबाई चुलीपाशी होती, तिथून म्हणाली, होतं. दार होतं. मीच लावाले विसरली.

मॅडमनं पेन खाली ठेवायला लावला. म्हणाल्या, मावशी, असं लिहिलं तर निष्काळजीपणा तुमचा धरतील, फाईल अडकेल. ती म्हणे, अडकू दे. मॅडम म्हणाल्या, दार कुठं होतं ते सगळ्या गावाला माहीत आहे. तेव्हा ठमाबाई बाहेर आली, हात पुसत. म्हणाली, भाऊचं नाव नको लिवू वो बाई त्याच्यात. कालच त्याईनं माये पाय धुतले. कोन धुते गरिबाचे.

सुगंधा कुंपणापाशी उभी होती, तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला लाज वाटली. हा शब्द या वहीत यापूर्वी आला नसेल.

मी लिहिलं. दार तयार होते. ते गुणवंतराव यांनी वीस दिवस चर्चमध्ये ठेवून घेतले. राखणीस बसवलेल्या इसमास त्यांनीच खुर्ची भरण्याकरिता बोलावून घेतले. मालकिणीची यात चूक नाही.

एवढंच झालं. साडेचार ओळी.

मॅडमनी वाचलं, मान हलवली. खाली पंच म्हणून सही करायला गेलो तर त्यांनी कागद ओढून घेतला. ज्याचं नाव मजकुरात आहे तो पंच चालत नाही. सही वारलूनं केली.

तेवढ्यात सोमाजी दार घेऊन आला. पास्टर सोबत होते, चंद्रपूरहून सकाळीच निघालेले, दाराचं दुसरं टोक त्यांच्या खांद्यावर. मी पुढे झालो तर सोमाजी म्हणे, राहू द्या भाऊ, तुमचा गुडघा. ठमाबाईनं उरलेल्या शेळीची दोरी माझ्या हातात दिली. म्हणे, हे धरा, मी चहा ठेवतो सगळ्याईले.

दार लावायला पाऊण तास लागला. तेवढ्यात शेळी दोनदा माझ्या हातून सुटली. दोन्ही वेळा ठमाबाईच तिला धरून घेऊन आली.